कोण राहिलं?

लुआची गाडी सोळा सीटांची, ड्रायव्हर धरून. म्हणजे माणसं पंधरा. गाडी ठरवायला कुणाचा फोन आला की ती हे तीनतीनदा सांगायची, आणि पलीकडचा माणूस तीनतीनदा "हो हो, पंधराच" म्हणायचा. ठरल्या दिवशी दारात बावीस जण नटूनथटून उभे. मांडीवरचं पोर मोजायचं नसतं आणि वाळकी म्हातारी म्हणजे अर्धंच माणूस, हे आमच्या विन्ह लोंग प्रांतातल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही. लुआ वाद घालत नसे. ती पायरीवर आडवी उभी राहायची आणि सांगायची, की पंधरा चढले की दार लागणार, मग उरलेल्यांत माझा सख्खा भाऊ का असेना. मग लोक आपसात भांडून सात जणांना घरी पाठवायचे, आणि त्या सातांची तोंडं लुआकडे बघून वाकडी व्हायची. होईनात का.

वीस वर्षं तिनं अशी माणसं नेली-आणली. सॅम डोंगराच्या देवीला जाणाऱ्या बायका, शिवणकारखान्यातल्या पोरींची वर्षातून एकदा निघणारी समुद्राची सहल, कुणाच्या आजोबांचं वर्षश्राद्ध, कुणाची वरात. गाडी खरं तर नवऱ्याची, बेनची. तो तापानं गेला तेव्हा लेक दियेम पाच वर्षांची होती. सासू, सेन आजी, गाडी विकायला निघाली होती. लुआ म्हणाली, मी चालवते. "हिला नाव सरळ वल्हवता येत नाही आणि ही गाडी चालवणार," असं आजी अख्ख्या बाजाराला सांगून आली. आणि दुसऱ्या दिवशी गाडी शिकायला निघालेल्या सुनेच्या हातात भाताचा डबाही तिनंच ठेवला. आजीचं सगळं असंच.

पहिल्याच वर्षी लुआच्या हातून एक चूक झाली. देवीहून परतताना एक म्हातारबाबा मागं राहिला. ते साठ किलोमीटर पुढं आल्यावर कळलं. ती उलटी गेली, तर बाबा देवळाच्या पायरीवर बसलेला, चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. म्हणाला, गाडी परत येणार हे ठाऊक होतं, म्हणून जागचा हललो नाही. तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर लुआला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तिचा नेमच झाला. गाडीत बसायचं, आरशात बघत, स्टिअरिंगवर बोट आपटत एकेक डोकं मोजायचं, आणि मोठ्यानं विचारायचं, "कोण राहिलं?" सगळ्यांनी "कुणी नाही" म्हटल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. कारखान्याचा साहेब बसलेला असला तरी त्यालाही म्हणावं लागे. दियेम लहानपणी शाळा नसली की शेवटच्या सीटवर वह्या घेऊन बसायची. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

वरातीचं मात्र वेगळं. आमच्याकडे मुलीला सासरी पोचवायला आजी जाते, काका-मामा जातात, मावश्या जातात, रिकामे शेजारी जातात. आई जात नाही. आई फाटकाशी उभी राहते. का, तर तशी पद्धत. कुणी म्हणतं आई सोबत आली की मुलीचं मन सासरी लागत नाही, कुणी आणखी काही म्हणतं. आणि मुलीनंही निघताना मागं वळून बघायचं नसतं. लुआनं अशा शंभरेक आया आरशात पाहिल्या होत्या, फाटकाशी उभ्या, लहान लहान होत वळणाशी दिसेनाशा होणाऱ्या. ती तीनदा हॉर्न वाजवायची आणि गिअर टाकायची. खरं सांगायचं तर मनात थोडी वैतागायचीसुद्धा. एवढं काय रडायचं, अडीच तासांचा तर रस्ता आहे.

मग दियेमचं लग्न सोक चांगच्या लामशी ठरलं. तोही रस्ता अडीच तासांचाच, पण लुआला तो एकाएकी फार लांब वाटायला लागला.

लाम चांगला मुलगा होता, हीच मोठी पंचाईत. कान थो शहरातल्या एका कारखान्यात दोघं एकत्र कामाला. हळू बोलायचा, जेवून उठला की आपली वाटी आपण धुवायचा. नाव ठेवायला जागा मिळेना म्हणून लुआ त्याच्या केसांना नाव ठेवायची. दियेमनं एकच हट्ट धरला. फुलांनी सजवलेली भाड्याची मोटार नको, मी आईच्या गाडीतूनच सासरी जाणार. लाम हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा. सेन आजीनं त्यावर आपली कडी केली, की तसं असेल तर नवऱ्या मुलानं पुढच्या गाडीत आपल्या बापाजवळ बसावं, दोघांनी एकत्र बसायचं ते घरी पोचल्यावर. लाम त्यालाही हो म्हणाला.

"म्हणजे मी चालवणार," लुआ म्हणाली. तिला वाटलं, प्रश्न आपोआप सुटला.

आजी सुपारी कातरत होती. मान वर न करता म्हणाली, "गाडी खोई चालवेल."

"गाडी माझी आहे."

"गाडी तुझी, तशी लेकही तुझीच. म्हणून खोई."

खोई म्हणजे धाकटा दीर. ट्रक चालवायचा. मनानं लोण्यासारखा, अक्कल बेताची. लुआनं बाहेरचा ड्रायव्हर बघते, अमुक बघते असं करून पाहिलं, पण महिन्यातला तोच एक दिवस चांगला, सगळ्या जिल्ह्याची लग्नं त्याच दिवशी, मोकळा ड्रायव्हर औषधालाही मिळेना. झालं, खोईचं नक्की झालं. मग चार दिवस लुआ गाडीच्या मागं लागली. गाडी धुतली, सीटांची कापडं बदलली, आरशाला लाल फीत बांधली. बांधताना तिनं ठरवलं, की मी फाटकाशी उभी राहणार नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही. इतक्या जणींच्या लेकी मी पोचवल्या, आणि माझी दुसऱ्यानं पोचवायची?

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलीकडचं जेवण. अंगणात ताडपत्रीखाली पुरुषमंडळी बसली, मधे तांदळाची दारू आणि एकच पेला, एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारा. लुआ कधी त्या पंगतीत बसत नसे. त्या दिवशी ती जाऊन बसली आणि ओतण्याचं काम तिनं आपल्याकडे घेतलं. बेनच्या नावानं एक, दियेमच्या नावानं एक, नव्या व्याह्यांच्या नावानं एक. वहिनीच्या हातचा पेला परत करायचा म्हणजे तिचा अपमान, हे खोईला लहानपणापासून माहीत. दोनदा तो म्हणाला, वहिनी, सकाळी गाडी आहे. लुआ म्हणाली, हो ना, म्हणून हा शेवटचा. असे चार शेवटचे झाले. खोईला आत आणायला तिघे लागले. सेन आजी ओसरीवर बसून केळीच्या पानात भात बांधत होती. तिनं एकदा मान वर करून पंगतीकडे बघितलं आणि पुढचं पान घेतलं.

पहाटे खोई उठून बसला, डोकं दोन्ही हातांत धरून. हाउ नदीच्या पुलाच्या तोंडाशी पोलीस नळी घेऊन उभे असतात, रात्रीची दारूही सकाळी धरतात आणि परवाना जातो. ट्रकवाल्याचा परवाना गेला म्हणजे चूल गेली. खोई रडवेला होऊन सगळ्यांची माफी मागत होता, आणि लुआला त्याच्याकडे बघवेना. लाज वाटत होती. पण लाजेखाली आनंदाची उकळी फुटत होती, ती काही दाबता येईना.

आजीनं सुनेकडे बराच वेळ बघितलं. नवऱ्याकडची मंडळी फाटकात येऊन ठेपली होती, मुहूर्ताला तासभर उरला होता.

"जा," ती म्हणाली. "पण ड्रायव्हर म्हणून जा. आईला इथंच ठेवून जायचं. तिथं पोचल्यावर गाडीतून पाय खाली टाकलास तर माझ्याशी गाठ आहे."

लुआ इतक्या लगबगीनं हो म्हणाली की तिचं तिलाच हसू आलं. लग्नासाठी शिवलेला जांभळा अंगरखा तिनं घडी करून ठेवला आणि रोजची निळी पँट आणि शर्ट चढवला. दियेमनं बापाच्या तसबिरीला उदबत्ती लावून नमस्कार केला, मग लाल अंगरखा सावरत गाडीत चढली आणि पहिल्या रांगेत बसली. आईच्या अंगावर निळा शर्ट बघून तिला काय ते कळलं. ओठ दाबून ती खिडकीबाहेर बघायला लागली, पण खांदे हलत होते, हसण्यानं.

लुआनं बोट आपटत मोजलं. पंधरा.

"कोण राहिलं?"

"कुणी नाही!" अख्खी गाडी ओरडली, आणि सगळ्यांत मोठा आवाज दियेमचाच.

लुआनं तीनदा हॉर्न वाजवला. आरशात फाटक दिसलं. शेजारच्या दोन बायका होत्या, डोकं धरून खोई होता, आणि जिथं आई उभी असते तिथं कुणीच नव्हतं. जिंकल्यासारखं वाटलं तिला. वीस वर्षांत पहिल्यांदा फाटक लहान होताना बघून बरं वाटलं.

रस्ताभर गाडीत गाणी चालली होती. दियेमला मागं बघायची बंदी, म्हणून ती सरळ पुढं बघत होती, आणि पुढं आरसा होता. आरशात आईचे डोळे. नजरानजर झाली की दोघी चोरासारख्या दुसरीकडे बघायच्या आणि परत आरशाकडे यायच्या. मावश्यांना वाटलं पोर किती शहाणी, जराही मान वळवत नाही. पुलावर पोलिसांनी थांबवलं. लुआनं नळीत फुंकलं, पोलिसानं लाल फीत पाहिली, आत नवरी पाहिली आणि अभिनंदन कुणाचं करायचं ते न कळून ड्रायव्हरचंच केलं. लुआनं ते घेतलं. पूल ओलांडताना दियेम हळूच म्हणाली, "आई, जरा सावकाश." लुआ चाळीसवर होती. तिनं तीस केलं. पुढची गाडी दोनदा थांबून वाट बघत राहिली.

सावकाश म्हटलं तरी रस्ता संपायचा तो संपतोच. सोक चांगच्या त्या घरासमोर नारळाच्या झावळ्यांची कमान होती, फटफट फुगे फुटत होते. मंडळी तबकं घेऊन रांगेनं उतरली. दियेम शेवटी उतरली. दारातून उतरताना तिनं ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला, तोल सावरायला ठेवतात तसा, आणि थोडा जास्त वेळ ठेवला. मग गेली.

लुआ गाडीत बसली. आतून माइकवरचा आवाज येत होता, व्याह्यांची ओळख, मामांची ओळख. वाटलं होतं, निदान आवाज तरी ऐकू येईल, पण माइक खरखरत होता. ड्रायव्हर लोकांचं हे असंच असतं. ती शंभरेक लग्नांना गेली होती आणि एकही तिनं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं एक बाई ताट घेऊन गाडीकडे आली. भाजलेलं डुकराचं मांस, लाल भात, खारवलेला पाला. ड्रायव्हरचं ताट कुणीतरी पोरसोर आणून देतं. ही लामची आई होती, स्वतः.

"खाली या की," ती म्हणाली.

"उतरायचं नाही असं ठरलंय. ड्रायव्हर म्हणून आले मी."

लामच्या आईनं जरा विचार केला. मग आपला भरजरी अंगरखा गुडघ्यापर्यंत उचलून तीच गाडीत चढली, शेजारच्या सीटवर बसली आणि ताट दोघींच्या मधे ठेवलं. तिनं विचारलं, पोरीला सकाळी काय लागतं. लुआला आधी राग आला, की हे आता हिला सांगायचं? आणि मग तिनं सगळं सांगितलं. सकाळी गोड चालत नाही, तिखट पेज लागते. पाऊस पडला की कान दुखतो. रागावली की जेवत नाही, पण झाकून ठेवलं तर अर्ध्या तासानं उठून खाते. लामची आई मान डोलवत, ओठ हलवत ऐकत होती, पाठ करायचं असावं तशी. लुआचं सांगून संपलं तेव्हा तिला एकदम रितं रितं वाटलं. आता तिला ठाऊक असलेलं सगळं त्या बाईलाही ठाऊक झालं होतं.

दुपारी निघायची वेळ झाली. मंडळी पोटं सांभाळत, पुड्या घेत चढली. सेन आजी आपली मागची जागा सोडून पहिल्या रांगेत, दियेमच्या जागी येऊन बसली. लुआनं दार लावलं, आरशात बघितलं आणि बोट आपटायला लागली.

चौदा.

तिनं परत मोजलं. मामा, मामी, दोन्ही मावश्या, शेजारचे तिघे, एकेक चेहरा. चौदा. डोक्याला सगळं माहीत होतं, पण बोट काही ऐकेना, ते पंधराव्याला शोधत स्टिअरिंगवर तसंच उचललेलं राहिलं. आणि तोंडातून वीस वर्षांच्या सवयीनं निघून गेलं,

"कोण राहिलं?"

येताना सगळ्यांत जास्त गाणी म्हणणारा मामा आपल्या बुटांकडे बघत बसला. एका मावशीनं तोंडाला पदरासारखा रुमाल लावला. बाहेर दारातल्या कमानीखाली दियेम उभी होती, लाम शेजारी. आता तिला बघायची बंदी नव्हती. ती बघत होती.

लुआनं किल्लीला हात घातला आणि हात तिथंच राहिला. तेव्हा तिला कळलं, की आपण काय करून ठेवलं. बाकीच्या आयांना फक्त उभं राहायचं असतं. गाडी दुसरं कुणीतरी नेतं, निघून जाण्याचं पाप दुसऱ्याच्या माथी जातं. ही एकच आई अशी, जिला लेकीला परक्या दारात ठेवून, स्वतःच्या हातानं गाडी सुरू करून, स्वतःच्या पायानं वेग द्यायचा होता. आणि ज्यानं हे तिच्यासाठी केलं असतं त्याला तिनंच काल पेल्यावर पेला पाजून आडवा पाडला होता.

"मला नाही जमत," ती म्हणाली. "आई, मला नाही जमायचं हे."

सेन आजी पुढं वाकली. तिचं तोंड लुआच्या कानाशी आलं.

"काल खोईला कोण पाजत होतं ते मी बघत होते," ती म्हणाली. "थांबवता आलं असतं मला."

"मग थांबवलं का नाही?"

"माझी लेक न्हान दूर का-माउ गावी दिली, तेव्हा मला फाटकाशी उभं केलं. चाळीस वर्षं सगळ्यांना मनात शिव्या देत आले, की मला नेलं का नाही. म्हटलं, निदान हिला तरी जाऊ दे." आजीचा आवाज ओला झाला होता, पण तिनं तो आवरला. "आता कळतंय का नेत नाहीत ते. जायला काय गं, कुणीही जातं. आईला परत फिरायला लावू नये, म्हणून नेत नाहीत."

लुआ रडली. स्टिअरिंगवर कपाळ टेकून, सगळ्यांच्या देखत, निळ्या शर्टात. तिला कुणी उगी म्हटलं नाही, घाई केली नाही, आणि घरी म्हशीची वेळ झालेला शेजारीही घड्याळ न बघता बसून राहिला. कमानीखालून दियेम दोन पावलं पुढं आली. लुआनं डोकं वर केलं, काचेतून लेकीकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. दियेम थांबली.

मग सेन आजी सरळ बसली आणि भरगाडीत मोठ्यानं, रोजच्या उत्तरासारखं म्हणाली, "दियेम राहिली. बाकी कुणी नाही. चल."

"बाकी कुणी नाही," मागून एकदोघे म्हणाले.

लुआनं किल्ली फिरवली. हॉर्न वाजवायचं तिला सुचलं नाही. आरशात कमान दिसत होती, आणि कमानीखाली लाल अंगरखा, जागचा न हललेला. रस्ता मोकळा होता, पण वळण येईपर्यंत तिनं पहिला गिअर बदलला नाही.